परस, फूट आणि युनिट

बीडहून सोलापूरच्या वाटेला लागले की सहा किलोमीटरच्या आसपास खजाना बावडी येते. वरून पाहणाऱ्याला ती एक मोठी, गोल, दगडी बांधणीची विहीर दिसते. पायऱ्या उतरून आत गेले की तिचे वेगळेपण कळते. तिच्या पोटात तीन बोगदे येऊन मिळतात. दोन बोगदे जमिनीतले पाणी विहिरीत आणतात आणि तिसरा ते बाहेर, उत्तरेकडच्या शिवारात नेतो. पाणी वर ओढावे लागत नाही. विहिरीच्या जागेपेक्षा शिवार सखल आहे, त्यामुळे बोगद्याच्या उतारावरून पाणी आपल्या पायांनी चालत जाते.

हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८३ च्या सुमाराची ही विहीर. अहमदनगरच्या निजामशाहीत मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. त्याने ती बांधून घेतली आणि राजा भास्कर नावाच्या स्थपतीने ती उभी केली, असे परंपरा सांगते. नगरजवळच्या डोंगरावर ज्या इमारतीला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, ती याच सलाबतखानाची कबर. बीडमध्ये मात्र त्याची आठवण पाण्याच्या रूपाने राहिली. विहीर बांधता बांधता खजिना रिता झाला म्हणून तिचे नाव खजाना पडले, असे गावात सांगतात. तिच्या पाण्यावर भिजणाऱ्या बलगुजार शिवाराचे क्षेत्र सुमारे २१२ हेक्टर सांगितले जाते.

या विहिरीची सगळ्यात मोलाची गोष्ट तिच्या तिसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी आहे. ते तोंड ज्या उंचीवर आहे, त्या उंचीपर्यंतचेच पाणी बाहेर जाते. त्याखालचे पाणी विहिरीत राहते. कोणाला कितीही घाई असली, कोणाचे पीक कितीही तहानलेले असले, तरी उतार देईल त्यापेक्षा जास्त पाणी मिळत नाही. किती उपसायचे याची मर्यादा दगडातच बांधलेली आहे. पुढच्या चारशे वर्षांत बीडमध्ये पाण्याचे आणि विजेचे जे काही झाले, त्याच्या मुळाशी ही मर्यादा कशी सुटली आणि कायद्याने ती पुन्हा कशी बांधू पाहिली, हीच गोष्ट आहे.

बीडचा भूगोल समजल्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. जिल्ह्याच्या मधोमध बालाघाटचा डोंगर पसरला आहे. उत्तरेला गोदावरीकाठची काळी, सुपीक जमीन, तर आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या डोंगराळ तालुक्यांत मुरमाड रान आणि तुटपुंजा पाऊस. बिंदुसरा, सिंदफणा, मांजरा या नद्या पावसाळ्यात भरून वाहतात आणि उन्हाळ्यात वाळूचे पट्टे होतात. खाली सगळा काळा कातळ, म्हणजे लाव्हारसापासून झालेला बेसाल्ट. या दगडात पाणी मुख्यतः वरच्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये साठते. जसजसे खोल जावे तसतसा दगड घट्ट होत जातो आणि पाणी एखाद्या भेगेच्या भरवशावर राहते. ती भेग भरायला अनेक पावसाळे लागतात आणि मोटारीने ती एका उन्हाळ्यात रिकामी होते.

जुन्या काळी विहिरीची खोली परसात मोजत. उभ्या माणसाने दोन्ही हात वर केले की होते ती उंची म्हणजे एक परस. ‘विहीर सहा परस आहे’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला खोली कळे आणि ती खणायला किती घाम गाळावा लागला असेल तेही कळे. पाणी काढायला मोट होती. चामड्याची मोट नाड्याला बांधलेली, नाडा चाकावरून बैलांच्या खांद्यापर्यंत आलेला. बैल धावेवरून उताराला चालत जायचे, मोट वर येऊन थारोळ्यात रिती व्हायची, मग बैल मागे सरकत पुन्हा विहिरीच्या काठाशी यायचे. दिवसभराच्या या येरझाऱ्यांत एखाद-दुसरा बिघा भिजायचा. ऊन चढले की बैल थकत, त्यांना सोडून सावलीला बांधावे लागे, वैरण घालावी लागे. त्या दोन-तीन तासांत विहिरीत झरे पुन्हा भरत. खजाना बावडीची मर्यादा बोगद्याच्या तोंडात होती, तर मोटेची मर्यादा बैलाच्या दमात होती.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. खांब आणि तारा शिवारापर्यंत यायला पुढची काही वर्षे लागली, पण त्या आल्या तेव्हा मोटेचे चाक थांबले. ज्या काठावर बैल मागे सरकत, तिथे इलेक्ट्रिक मोटार बसली. मोटार थकत नव्हती आणि तिला वैरण लागत नव्हती. मोटेच्या कष्टातून सुटलेल्या माणसाला आणि बैलाला ते मोठेच सुख होते, आणि ते नाकारण्याचे कारण कोणाकडेच नव्हते.

मग १९७२ चा दुष्काळ आला. आडांना तळ लागला. रोजंदारीसाठी माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली. १९७७ मध्ये झालेल्या रोजगार हमी कायद्याची मुळे त्याच कामांत आहेत. याच काळात मराठवाड्याने खडक फोडणारे यंत्र जवळून पाहिले. शेजारच्या जालन्यात स्कॉटलंडच्या मिशनने १९६० च्या दशकाच्या अखेरीस कातळात बोअर घ्यायला सुरुवात केली होती. जालन्यात आणि सोलापुरात हातपंपांवर जे प्रयोग झाले, त्यांतूनच पुढे देशभर गेलेल्या इंडिया मार्क दोन या हातपंपाचा रस्ता निघाला. १९७१ मध्ये राज्याने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी केली होती. बोअरचे हे तंत्र पिण्याच्या पाण्यासाठी आलेले होते. गावाची बाई कोसभर चालू नये, हा त्याचा हेतू होता.

तेच तंत्र शेतात शिरले आणि परस हे माप मागे पडले. आता खोली फुटांत बोलली जाऊ लागली.

बोअर घेण्याची रात्र मराठवाड्यात अनेकांनी पाहिलेली असते. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून रान फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे दगड ठेवून पॉइंट धरतात. तामिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या पाटीची गाडी अंधारात बांधावर येते. कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारच्या वस्तीवर कोणाला झोप लागत नाही. घरधनी रॉड मोजत उभा असतो. प्रत्येक रॉडमागे खोली वाढते आणि प्रत्येक फुटामागे पैसे. वर येणारा फुपाटा पांढरा आहे, राखाडी आहे की लालसर, यावर आशा टांगलेली असते. फुपाट्याचा गारा झाला की सगळे पुढे सरकतात, दोन इंची पाणी लागले की साखर वाटतात. पाणी लागले नाही तर कोणी बोलत नाही, गाडीवाला हिशेब करतो आणि उजाडायच्या आत निघून जातो. दोनशे फुटांवर पाणी लागायचे, तिथे पुढे चारशे लागले, मग सहाशे. ज्याचा बोअर खोल, त्याच्याकडे शेजाऱ्याचे पाणी ओढले जाते. म्हणून शेजारीही गाडी बोलावतो.

या खोलीचा विजेशी थेट हिशेब आहे. मोटारीचा पंप त्याला मिळालेल्या विजेपैकी निम्मीच पाणी उचलण्यात घालतो असे धरले, तर चाळीस फूट खोल विहिरीतून एका युनिटमध्ये सुमारे १५ हजार लिटर पाणी वर येते. सहाशे फुटांवरून त्याच एका युनिटमध्ये फक्त हजार लिटर येते. म्हणजे तेवढ्याच पाण्याला पंधरा पट वीज. भिजणारा कापूस तोच, ऊसही तोच, पण त्याच्या मुळाशी पोहोचणाऱ्या प्रत्येक पाटामागे कुठेतरी पंधरा पट कोळसा जळतो.

तो कोळसा जिथे जळतो, ते ठिकाणही बीड जिल्ह्यातच आहे. वैजनाथाच्या परळीत १९७१ मध्ये ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच झाले, आणि २००७ व २०१० मध्ये २५० मेगावॅटचे दोन. जुने छोटे संच निवृत्त झाल्यावरही परळीची क्षमता ११३० मेगावॅट होती. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला दिवा या चिमण्यांच्या धुरावर लागला आणि कितीतरी तरुणांची नोकरीही. परळीकरांच्या वाट्याला त्यासोबत राख आली. उन्हाळ्यात वारा सुटला की अंगणातल्या वाळवणावर तिचा थर बसायचा. औष्णिक केंद्रांच्या राखेचे काय करायचे, यासाठी केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली, तिच्यात वेळोवेळी बदल केले आणि २०२१ च्या अखेरीस नवी अधिसूचना आणली. वीट, सिमेंट, रस्ते यांत ही राख वापरण्याचे बंधन त्यातून आले.

परंतु परळीचे खरे दुखणे पाणी हे निघाले. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचे आणि ती वाफ पुन्हा थंड करायची, या साऱ्याला अखंड पाणी लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे सगळे संच बंद करावे लागले. २०१५ मध्ये तीच वेळ पुन्हा आली. खोल पाणी उपसायला वीज हवी आणि वीज करायला पाणी हवे. एकाच जिल्ह्यात, एकाच दुष्काळात ही दोन्ही टोके एकमेकांना भिडली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची कमाल मर्यादा ठरवली. दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. पाणी आणि वीज यांचा हिशेब एकाच ओळीत मांडणारा असा नियम आपल्याकडे विरळाच.

राज्याने भूजलाला कायद्याचे कुंपण घालायला सुरुवात केली ती पिण्याच्या पाण्यापासून. महाराष्ट्र भूजल (पिण्याच्या पाण्याच्या प्रयोजनासाठी विनियमन) अधिनियम १९९३ मध्ये झाला. गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर असेल, तर तिच्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून दुसरी विहीर खणता येणार नाही, असे त्याने सांगितले. टंचाई जाहीर झाल्यावर आसपासच्या विहिरींचा उपसा रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. कायदा चांगल्या हेतूचा होता आणि त्याचे शब्दही स्पष्ट होते. अडचण गावात होती. सार्वजनिक विहिरीशेजारी रातोरात बोअर झाला, तर तक्रार कोणी करायची? शेजारी भाऊबंद असतो, सोयरा असतो, किंवा त्याच्याकडून उद्या बैलजोडी मागायची असते. तलाठी येऊन पंचनामा करीपर्यंत पाणी उसाला लागलेले असते.

पुढची पायरी म्हणजे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९. विधिमंडळातून निघालेला हा कायदा राष्ट्रपतींची संमती मिळवून १ जून २०१४ पासून लागू झाला. त्याने बरेच नवे केले. पाण्याचा विचार एकेका विहिरीपुरता न करता पाणलोटाच्या पातळीवर करायचे ठरले. अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समिती, भूजल वापराचा आराखडा आणि पिकांचा आराखडा आला. बोअर घेणाऱ्या गाड्यांच्या मालकांना नोंदणी बंधनकारक झाली. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला, जे २००५ च्या कायद्याने अस्तित्वात आले होते, राज्याचे भूजल प्राधिकरण म्हणून नेमले गेले. आणि ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ ठरवून शेती व उद्योगासाठी ती घेण्यावर निर्बंध घातले गेले.

साठ मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. हा आकडा विजेचाही आहे. पंपाचा तोच निम्म्याचा हिशेब धरला, तर दोनशे फुटांवरून एका युनिटमध्ये तीन हजार लिटर पाणी येते. त्याखाली उतरले की प्रत्येक शंभर फुटांगणिक युनिट पाण्यात जाते. भूजलाचा कायदा नीट अमलात आला असता, तर तोच मराठवाड्यातला सगळ्यात मोठा ऊर्जा बचतीचा कायदा झाला असता. पण त्याचे नियम रखडले. २०१८ मध्ये नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, तेव्हा गावोगाव विरोध झाला आणि शेतकऱ्यांनी हरकती नोंदवल्या. ज्याने कर्ज काढून बोअर घेतला, त्याला हा कायदा आपल्याच रानातल्या विहिरीवर परवाना मागणारा वाटला. ती भीती खोटी नव्हती. पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्याला बोअर सोडायला सांगायचे, तर त्याच्या हाती दुसरे काहीतरी द्यावे लागते.

विजेचा प्रवास या काळात उलट दिशेने चालला होता. पूर्वी शेतीपंपाला मीटरऐवजी अश्वशक्तीवर ठरावीक आकार घेण्याची पद्धत आली. पाच अश्वशक्तीचा पंप दिवसाला दोन तास चालवा किंवा दहा तास, बिल तेच. युनिट मोजायचे कारण उरले नाही. पुढे वीज अपुरी पडली, भारनियमन आले. रानात लाईट काही दिवस दिवसा येई, काही दिवस रात्री. रात्री दोनला लाईट येणार असेल तर शेतकऱ्याने थंडीत, सापकिरड्यात जायचे कसे? म्हणून मोटारीला ऑटो स्विच बसले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. शेतकरी घरी झोपलेला आणि रानात सऱ्या भरून पाणी बांधावरून वाहतेय, हे चित्र घरोघरचे झाले. एकाच वेळी शेकडो मोटारी सुरू झाल्या की डीपी जळायचा, मग वर्गणी काढून तो दुरुस्तीला न्यायचा. २००४ मध्ये राज्य सरकारने शेतीची वीज फुकट केली आणि वर्षभरातच ती सवलत मागे घ्यावी लागली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत वीज सुरू झाली. राज्यातल्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना तिचा लाभ देण्याचे ठरले.

त्याच वर्षी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. शेतकऱ्याने पंपाच्या किमतीचा दहावा हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात. बीडसारख्या लख्ख उन्हाच्या जिल्ह्यात ही योजना वरदानच आहे. रात्रीची पाळी संपते, डीपी जळत नाही, परळीच्या राखेत तिचा वाटा पडत नाही. पण पंप किती अश्वशक्तीचा हे इथे जमिनीच्या एकरांवर ठरते. सूर्य बिल पाठवत नाही, म्हणून सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत मोटार बंद करायला कारण राहत नाही. जिथे पाणी चाळीस फुटांवर आहे तिथे ही सोय आहे. जिथे ते पाचशे फुटांवर गेले आहे, तिथे सौर पंपाला भूजल कायद्याची साथ नसेल तर उरलेली भेगही रिकामी होईल. सौर पंपाच्या अर्जाशेजारी पाणलोटाचा ताळेबंद ठेवण्याची गरज आज कधी नव्हती एवढी आहे.

पिकाचा प्रश्न यातच गुंतलेला आहे. दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीडमधून ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. स्वतःच्या रानात पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला ही माणसे सहा महिने घर सोडतात. त्याच जिल्ह्यात गोदावरीकाठी आणि माजलगाव धरणाच्या लाभक्षेत्रात उसाचे फडही उभे आहेत. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. ठिबकने पाणी वाचते आणि तेवढे पाणी उचलायची वीजही वाचते. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मात्र राज्याच्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती. पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे आपले आपण ठरवले. पावसाळा संपला की गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर रब्बीची पिके ठरवायची. तिथे ६० मीटरचा नियम तलाठ्याला येऊन सांगावा लागला नाही.

बीडमध्ये अशा ताळेबंदाची सामग्री आजही हाताशी आहे. भूजल यंत्रणेचा माणूस वर्षातून चारदा गावातल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरीवर येतो. काठावर वाकून फीत खाली सोडतो, पाण्याला टेकली की आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. दोन-चार मिनिटांचे काम. पावसाळ्यानंतरचा आकडा आधीच्या वर्षांशी ताडून पाहिला की पुढच्या उन्हाळ्यात टंचाई कुठे येणार याचा अंदाज बांधता येतो, आणि टँकरची तयारी त्यावरच होते. हा आकडा जिल्हा कार्यालयात जातो. गावाने मागितला तर तो त्याच आठवड्यात ग्रामसभेतही वाचून दाखवता येईल, ज्वारी-हरभऱ्याच्या पेरणीआधी. सौर पंपाचे अर्ज, बोअरच्या परवानग्या आणि ठिबकची अनुदाने यांची चर्चा त्याच बैठकीत, त्याच आकड्यासमोर करता येईल.

तिकडे सोलापूरच्या वाटेवर खजाना बावडीच्या तिसऱ्या बोगद्याचे तोंड आजही जिथे होते त्याच उंचीवर आहे.